चुकलेला ठोका, चोंदलेली वाहिनी

ईसीजीच्या कागदावर ठोके वेडेवाकडे उमटलेले दिसले आणि डॉक्टरांनी ‘एएफ’ म्हटलं, की नातेवाइकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘‘म्हणजे ब्लॉकेज आहे का?’’ प्रश्न भाबडा नाही. छातीत काहीही बिनसलं की संशयाचं बोट ब्लॉकेजकडे वळतं. अँजिओग्राफी तालुक्याच्या आसपास येऊन पोचल्यापासून ही सवय अधिकच पक्की झाली आहे. अडचण अशी की या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. ब्लॉकेज असू शकतं. असलं, तरी ठोके त्याच्यामुळेच बिघडले असं बहुतेक वेळा म्हणता येत नाही. आणि ठोके बिघडलेल्या माणसाला पुढे हार्ट अटॅक येण्याचा धोका मात्र खरोखरच जास्त असतो. ही तीन विधानं एकमेकांशी भांडतात असं वाटेल. पुढची पानं वाचण्याआधी हे भांडण नीट समजून घेतलेलं बरं, कारण औषधांचे सगळे तिढे तिथूनच सुरू होतात.

आधी दोन्ही आजारांची ओळख. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो. माणूस स्वस्थ बसलेला असताना तिथून मिनिटाला ६० ते १०० विद्युतसंदेश निघतात. प्रत्येक संदेशासरशी वरचे दोन कप्पे आकुंचन पावतात, संदेश मधल्या एव्ही नोडपाशी क्षणभर थबकतो आणि मग खालचे दोन कप्पे रक्त बाहेर ढकलतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजेच एएफमध्ये, ही शिस्त वरच्या कप्प्यांतच मोडते. तिथे मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे विस्कळीत संदेश भिरभिरत राहतात. धड आकुंचन होतच नाही, स्नायू नुसता थरथरतो. एव्ही नोड त्यातले बरेचसे संदेश अडवतो. नाही तर खालचे कप्पेही त्याच गतीनं थरथरले असते आणि माणूस काही मिनिटांत गेला असता. पण जे संदेश सुटतात ते कसलाही हिशेब न पाळता सुटतात. मनगटावर बोटं ठेवली की ते कळतं: दोन ठोके लगोलग, मग एक रेंगाळलेला, एक ठसठशीत, एक इतका पुसट की तो पडला की नाही अशी शंका यावी. ईसीजीवर प्रत्येक ठोक्याआधी दिसणारा छोटासा ‘पी’ उंचवटा नाहीसा झालेला असतो आणि त्या जागी नुसती कापरी रेघ असते.

करोनरी धमनीविकाराची जातकुळी वेगळी. हृदय दिवसरात्र रक्त पंप करतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या करोनरी धमन्यांतून. या धमन्यांच्या भिंतीत चरबी, दाहपेशी आणि कॅल्शियम यांचा थर वर्षानुवर्षं साचत जातो. पोकळी अरुंद झाली की जिना चढताना छातीवर दाब येतो. थर फुटून त्यावर गुठळी बसली की हार्ट अटॅक. एक आजार विद्युतसंदेशांचा, दुसरा रक्तपुरवठ्याचा.

दोन्ही आजार एकाच माणसाच्या चरित्रात पाहायचे असतील तर जेम्स मॅकेंझी यांच्याकडे जावं लागतं. १८५३ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले मॅकेंझी इंग्लंडच्या लँकेशरमधल्या बर्नली या गिरणगावात साधी जनरल प्रॅक्टिस करत होते. हृदयविकार असलेली एक तरुणी बाळंतपणात त्यांच्या देखत दगावली. हृदयाबद्दल आपल्याला किती कमी कळतं, या जाणिवेनं अस्वस्थ होऊन ते नाडीच्या मागे लागले. विद्यापीठ नाही, प्रयोगशाळा नाही. जवळच्याच गावातल्या एका घड्याळजीच्या मदतीनं त्यांनी शाईनं रेघा ओढणारा पॉलिग्राफ तयार करून घेतला. एक कप मनगटावरच्या नाडीवर, दुसरा मानेतल्या शिरेवर. घड्याळाच्या यंत्रणेवर सरकणारी कागदाची पट्टी. तिच्यावर एकाखाली एक दोन रेषा. मानेतल्या शिरेच्या रेषेत प्रत्येक ठोक्याच्या किंचित आधी एक बुटका उंचवटा येतो. तो वरच्या कप्प्याच्या आकुंचनाचा.

मायट्रल झडप अरुंद झालेल्या एका बाईच्या नाडीवर मॅकेंझी अनेक वर्षं लक्ष ठेवून होते. १८९०च्या दशकाच्या अखेरीस तिची नाडी एकाएकी पूर्ण अनियमित झाली. त्यांनी पट्टी पाहिली तर तो बुटका उंचवटा नव्हताच. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा, वरच्या कप्प्याच्या आकुंचनाशी जोडलेला आवाजही गेला होता. वरचा कप्पा लुळा पडला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कप्पा लुळा पडला नव्हता, थरथरत होता. पण मनगट आणि मान एवढ्याच भांडवलावर काढलेला हा निष्कर्ष सत्याच्या किती जवळ पोचला होता! बाकीचं अंतर विजेनं तोडलं. नेदरलँड्समधल्या लायडेनच्या विलेम आइंटहोवेन यांनी १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या ईसीजींमध्ये या अनियमित नाडीचाही आलेख होता. १९०९ साली लंडनच्या थॉमस लुइस यांनी रुग्णांची अनियमित नाडी आणि प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमधलं वरच्या कप्प्याचं थरथरणं ही एकच गोष्ट असल्याचं दाखवलं. पुढे अनियमित नाडीच्या एका घोड्याची छाती उघडून त्यांनी ते थरथरणं डोळ्यांनी पाहिलं.

मॅकेंझी १९०७ साली लंडनला गेले, त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, नावलौकिक झाला. आणि त्यांना अँजायना, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडून होणारं छातीचं दुखणं, जडला. १९२३ साली त्यांनी अँजायनावर पुस्तक लिहिलं तेव्हा त्यातल्या रुग्णांच्या हकिकतींत स्वतःची हकिकतही नाव न देता घातली. जानेवारी १९२५मध्ये ते करोनरी विकारानंच गेले. मृत्यूनंतर त्यांचं हृदय तपासलं गेलं, जपून ठेवलं गेलं आणि त्याचं सविस्तर वर्णन १९३९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’च्या पहिल्याच वर्षात छापून आलं. अनियमित नाडीचा माग काढणाऱ्या या माणसाच्या करोनरी धमन्यांत आजार खोलवर पसरला होता, स्नायूवर जुन्या आणि ताज्या इजांच्या खुणा होत्या.

चरित्रात असा मेळ जमला की वाचणाऱ्याला त्यात कार्यकारणभाव दिसू लागतो. शास्त्रात तसं चालत नाही. ब्लॉकेजमुळे एएफ होतो असं ठरवायचं, तर ब्लॉकेज असलेल्या हजारो माणसांत तो शोधायला हवा. अमेरिकेत करोनरी शस्त्रक्रियेच्या अभ्यासासाठी ‘कास’ नावाची मोठी नोंदवही केली गेली. अँजिओग्राफीनं करोनरी विकार सिद्ध झालेल्या १८,३४३ जणांच्या नोंदी तिच्यातून तपासून १९८८ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांपैकी एएफ होता ११६ जणांना. म्हणजे ०.६ टक्के. शंभरातल्या एकालाही नाही! ज्यांना होता त्यांच्यात वाढतं वय, झडपेची गळती आणि हार्ट फेल्युअर ठळकपणे दिसले. किती धमन्या तुंबल्या आहेत याच्याशी त्याचा मेळ बसेना. कोपऱ्यावरच्या गप्पांत ‘ब्लॉकेज असेल म्हणून ठोके चुकतात’ हे जितक्या खात्रीनं सांगितलं जातं, तितका आधार त्याला या आकड्यांत मिळत नाही.

दुसरा पुरावा दक्षिण आशियाई लोकांकडून येतो, आणि मराठी वाचकाला तो जास्त जवळचा. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी कुटुंबांत करोनरी विकार तिथल्या गोऱ्या लोकांपेक्षा अधिक, आणि तो कमी वयातही गाठतो. मधुमेहाचंही तेच. ब्लॉकेज हे एएफचं थेट कारण असतं तर या घरांमध्ये एएफची रेलचेल असायला हवी होती. एकामागून एक अभ्यासांत दिसलं ते उलट: एएफ त्यांच्यात गोऱ्यांपेक्षा कमी. डाव्या वरच्या कप्प्याचा तुलनेनं लहान आकार हे एक स्पष्टीकरण दिलं जातं, निदान न होण्याचा वाटाही असावा असं काहींचं म्हणणं. वाद मिटलेला नाही. पण एक आजार भरपूर आणि दुसरा तुरळक असं चित्र असेल, तर पहिल्याला दुसऱ्याचा बाप ठरवताना जरा थांबावं लागतं.

भारतातल्या एएफची तर आणखी वेगळी कहाणी आहे. ४६ देशांतल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत एएफ घेऊन आलेल्या रुग्णांची एक जागतिक नोंद २०१४ साली प्रसिद्ध झाली. उत्तर अमेरिकेतल्या रुग्णांपैकी संधिवाती तापानं झडप खराब झालेले होते २.२ टक्के, भारतातल्या रुग्णांपैकी ३१.५ टक्के. लहानपणी घसा आला, सांधे सुजले, घरच्यांनी ते अंगावर काढलं. पंचविशी-तिशीत बाळंतपणात किंवा जिना चढताना धाप लागली तेव्हा मायट्रल झडप अरुंद झाल्याचं कळलं. झडपेमागे तुंबलेल्या रक्तानं वरचा कप्पा फुगतो आणि फुगलेला कप्पा थरथरायला लागतो. मॅकेंझींची बर्नलीतली रुग्ण हीच होती. अशा तरुण बाईच्या करोनरी धमन्या बऱ्याचदा स्वच्छ असतात. तिच्यासाठी ब्लॉकेजचा प्रश्न गैरलागू, आणि औषधाचा नियमही निराळा: २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत झडपेच्या या रुग्णांमध्ये गुठळ्या रोखणाऱ्या नव्या गोळीपेक्षा जुन्या वॉरफरिनच्या गटातल्या औषधांवर मृत्यू कमी झाले.

आणि कधी कारण हृदयात नसतंच. मे १९९१मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश कॅम्प डेव्हिडला जॉगिंग करत असताना त्यांना धाप लागली, थकवा आला. निघाला एएफ, आणि त्यामागे थायरॉइडचा ग्रेव्हज हा विकार. म्हणून एएफ नव्यानं सापडला की थायरॉइडची रक्ततपासणी अजूनही पहिल्या यादीत असते. काही शे रुपयांत होते आणि अँजिओग्राफीआधी व्हायला हवी.

मग दोन्ही आजार इतक्या वेळा एकत्र का भेटतात? कारण ते ज्या मातीत वाढतात ती एकच आहे. वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, तंबाखू, झोपेत श्वास अडकण्याचा विकार, मूत्रपिंडाचा आजार: यादी कुठल्याही आजाराच्या प्रकरणात घाला, खपून जाईल. रक्तदाबाचंच घ्या. वर्षानुवर्षं चढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून डावा खालचा कप्पा जाड आणि ताठर होतो. ताठर कप्प्यात रक्त उतरवायला वरच्या कप्प्याला जोर लावावा लागतो, तो ताणला जातो, त्याच्या स्नायूपेशींमध्ये तंतुमय ऊती भरते आणि विद्युतसंदेशांच्या वाटा तुटक होतात. तोच दाब करोनरी धमन्यांच्या आतल्या अस्तराला रोज घासत असतो. एकीकडे एएफची तयारी, दुसरीकडे ब्लॉकेजची. बाह्यरुग्ण विभागात रक्तदाब १६०वर गेलेला पन्नाशीतला माणूस ‘मला काही त्रास नाही’ म्हणत गोळी चुकवतो तेव्हा तो दोन्हीकडची तयारी करत असतो.

या मातीवर काम केलं तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचं. तिथल्या डॉक्टरांनी वजन जास्त असलेल्या ३५५ एएफ रुग्णांचा पाच वर्षं पाठपुरावा करून २०१५ साली निष्कर्ष मांडले. ज्यांनी दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवलं आणि टिकवलं, त्यांच्यापैकी जवळपास निम्मे जण औषध किंवा अब्लेशनशिवायच (म्हणजे ठोके बिघडवणाऱ्या जागा निकामी करण्याच्या उपचाराशिवायच) एएफमुक्त राहिले. वजन खाली-वर करत राहणाऱ्यांना तितका फायदा झाला नाही. हृदयरोगतज्ज्ञाच्या खोलीत वजनकाटा असतो, पण त्यावरचा आकडा क्वचितच औषधाइतका गांभीर्यानं घेतला जातो.

आता उलट दिशा. ब्लॉकेजमुळे एएफ फारसा होत नसला, तरी एएफ झालेल्याला हार्ट अटॅकचा धोका वाढतो का? पूर्वी एएफचा संबंध पक्षाघाताशी लावून लोक थांबत. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या अभ्यासानं १९९१ साली दाखवलं होतं की एएफनं पक्षाघाताचा धोका जवळपास पाचपट होतो. हार्ट अटॅकचा हिशेब फार उशिरा मांडला गेला. अमेरिकेतल्याच ‘रिगार्ड्‌स’ या अभ्यासात सुरुवातीला करोनरी विकार नसलेले २३,९२८ लोक होते. एएफ असलेल्यांना हार्ट अटॅक येण्याचा धोका इतरांपेक्षा जवळजवळ दुप्पट निघाला. रक्तदाब, मधुमेह वगैरे सगळं वजा केल्यावरही तो ७० टक्क्यांनी अधिक राहिला. वाढ पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये ठळक होती. म्हणजे समान माती हे उत्तर बरंच काही सांगतं, सगळं नाही.

उरलेलं उत्तर हृदयाच्या वेळापत्रकात आहे. शरीराच्या इतर अवयवांना हृदय आकुंचन पावताना रक्त मिळतं. डाव्या खालच्या कप्प्याच्या स्नायूला मात्र ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत मिळतं, कारण आकुंचनाच्या वेळी आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो. ठोके ७०वरून १५०वर गेले की कापली जाते ती ही विश्रांती. स्नायूची गरज वाढलेली, पुरवठ्याचा वेळ घटलेला. धमनी आधीच साठ-सत्तर टक्के अरुंद असेल तर आजवर न कुरकुरलेलं ब्लॉकेज त्या रात्री बोलायला लागतं. छातीत दुखतं, रक्तात ट्रोपोनिन हे हृदयस्नायूच्या इजेची खूण असलेलं प्रथिन वाढतं, ईसीजीवर बदल दिसतात, आणि तरीही धमनीत ताजी गुठळी नसते. गुठळीनं धमनी पूर्ण बंद झाल्याच्या अटॅकपेक्षा अशा अर्धवट प्रकारच्या अटॅकशीच एएफचं नातं अधिक दिसतं, हे २०१५ सालच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासानं नोंदवलं आहे. मात्र अतिदक्षता विभागात याचा उलटाही घोळ होतो. एएफनं ठोके पळत असताना ट्रोपोनिन किंचित वाढलं म्हणून धावपळ करून अँजिओग्राफी केली जाते आणि धमन्या निर्मळ निघतात. नातेवाईक म्हणतात, ‘‘मग उगाच केली का?’’ नेहमीच उगाच नसते. पण आधी ठोके आटोक्यात आणून पुन्हा ईसीजी काढण्याइतकी सबुरी बऱ्याच वेळा परवडते.

दुसरी वाट दुर्मीळ आहे, तरी सांगण्याजोगी. थरथरणाऱ्या वरच्या कप्प्यात रक्त संथ होतं. विशेषतः डाव्या कप्प्याला चिकटलेल्या बोटाएवढ्या खिशात गुठळ्या तयार होतात. झडपेचा आजार नसलेल्या एएफमध्ये दहापैकी नऊ गुठळ्या तिथेच सापडतात. गुठळी सुटली की सहसा मेंदूकडे जाते. क्वचित ती महाधमनीच्या मुळाशीच वळून करोनरी धमनीत शिरते. जपानमधल्या एका केंद्रानं पहिला हार्ट अटॅक आलेले १,७७६ रुग्ण तपासले, त्यांतल्या २.९ टक्के जणांमध्ये कारण होतं अशी वाहत आलेली गुठळी, आणि त्यांच्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश जणांना एएफ होता.

हार्ट अटॅक आल्यानंतर एएफ सुरू होणं हे तर रोजचं. ‘गस्टो’ या प्रचंड चाचणीत चाळीस हजारांवर अटॅकच्या रुग्णांपैकी २.५ टक्के जणांना दाखल होतानाच एएफ होता आणि आणखी ७.९ टक्के जणांना तो नंतर झाला. बायपासनंतर हे प्रमाण २० ते ४० टक्क्यांपर्यंत जातं, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. ऑपरेशन नीट झालं म्हणून सुटकेचा श्वास टाकलेल्या घरात मॉनिटरवरचे ठोके अचानक पळायला लागले की गोंधळ उडतो. हा एएफ बहुतांशी काही दिवसांत शमतो, पण त्याला ‘ऑपरेशननंतरचं नेहमीचं’ म्हणून विसरून जाऊ नये. पुढच्या वर्षांत तो परत येऊ शकतो.

दोन आजार एकत्र आल्याचा खरा ताप मात्र होतो तो औषधांत.

ठोके ताळ्यावर आणणाऱ्या गोळ्यांपासूनच सुरुवात होते. अटॅक येऊन गेलेल्या लोकांत जादा ठोके दिसतात आणि असे लोक अचानक दगावतात, म्हणून ते ठोके दाबले की जीव वाचतील, असं १९८०च्या दशकात सगळ्यांना वाटत होतं. तर्क बिनतोड. ‘कास्ट’ नावाच्या अमेरिकी चाचणीत अटॅक येऊन गेलेल्यांना फ्लेकेनाइड, एनकेनाइड अशा गोळ्या दिल्या गेल्या. ठोके खरंच दबले. आणि माणसं मेली. १९८९ साली चाचणीचा हा भाग थांबवावा लागला. १९९१च्या अहवालानुसार औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, नकली गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. फ्लेकेनाइड आजही एएफवर वापरतात आणि निरोगी स्नायूच्या तरुण हृदयात ते चांगलं काम करतं. पण जुन्या अटॅकचा व्रण असलेल्या हृदयात ते वर्ज्य. एएफचं औषध लिहिण्याआधी करोनरीची चौकशी का करायची, याचं याहून सणसणीत कारण नाही.

त्यानंतर ‘रक्त पातळ करणाऱ्या’ गोळ्या. घराघरांत हे एकच नाव दोन वेगळ्या औषधगटांना चिकटलं आहे, आणि घोटाळा तिथे होतो. वेगानं वाहणाऱ्या धमनीत, फुटलेल्या थरावर किंवा नव्या स्टेंटच्या जाळीवर जी गुठळी बनते तिची सुरुवात प्लेटलेट पेशी करतात. तिच्यावर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालतात. वरच्या कप्प्यात साचलेल्या संथ रक्तात जी गुठळी बनते ती फायब्रिन धाग्यांच्या जाळ्याची. तिच्यावर वॉरफरिन, आपल्याकडे जास्त चालणारं ॲसिनोकुमॅरॉल, किंवा आताच्या ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान या गोळ्या लागतात. पुढे ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हटलं की हा दुसरा गट समजावा. एका गटाचं काम दुसऱ्यानं भागत नाही, हे दोन चाचण्यांनी दोन बाजूंनी सिद्ध केलं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, स्टेंट बसवलेल्या १,६५३ रुग्णांत, ॲस्पिरिनबरोबर वॉरफरिन दिलं तेव्हा महिन्याभरात २.७ टक्के जणांना गुठळीमुळे अनर्थ झाला. ॲस्पिरिनबरोबर प्लेटलेटविरोधी टिक्लोपिडिन दिलं तेव्हा ०.५ टक्के जणांना. उलट २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲक्टिव्ह’ या चाचणीत एएफच्या रुग्णांना ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या जोडगोळीवर ठेवलं तर पक्षाघातासारख्या घटना वॉरफरिनच्या गटापेक्षा इतक्या जास्त झाल्या की चाचणी मुदतीआधी थांबवली गेली.

याचा सरळ अर्थ कोणीही असा लावेल की एएफ असलेल्या माणसाला स्टेंट बसला तर तिन्ही द्या. वर्षानुवर्षं तेच केलं गेलं. घरी आलेल्या सत्तरीतल्या गृहस्थांच्या औषधांच्या पिशवीत ॲस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५ आणि तिसरी रक्त पातळ करणारी गोळी. शिवाय गुडघे दुखतात म्हणून गल्लीतल्या केमिस्टकडून आणलेली वेदनाशामक स्ट्रिप. ही चौथी गोळी कुणाच्याच चिठ्ठीवर नसते. पंधरा दिवसांत दात घासताना हिरड्यांतून रक्त, दाढी करताना कापलं तर थांबेना, मग एक दिवस डांबरासारखी काळी शौचाला. घरचे म्हणतात, ‘‘औषधं गरम पडली.’’ आणि ते सगळी औषधं एकदम बंद करतात. स्टेंट बसून महिना न झालेल्या माणसाच्या बाबतीत याहून धोक्याचं दुसरं काही नाही.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या डॉक्टरांनी एक धाडस केलं: रक्त पातळ करणारी गोळी आधीपासून घेत असलेल्या, अँजिओप्लास्टी झालेल्या ५७३ रुग्णांपैकी निम्म्यांचं ॲस्पिरिन काढून टाकलं. वर्षभरात तिन्ही औषधं घेणाऱ्यांपैकी ४४.४ टक्के जणांना रक्तस्राव झाला, दोनच घेणाऱ्यांपैकी १९.४ टक्के जणांना. स्टेंट बंद पडण्याच्या घटना मात्र वाढल्या नाहीत. २०१९ साली ४,६१४ रुग्णांच्या ‘ऑगस्टस’ चाचणीनं नव्या गोळ्यांसह हेच अधिक पक्कं केलं: सहा महिन्यांत ॲस्पिरिन गटात १६.१ टक्के जणांना रक्तस्राव, ॲस्पिरिनशिवाय ९. म्हणून आता सर्वसाधारण शिरस्ता असा: तिन्ही औषधं जेमतेम आठवडाभर, धमनीतला धोका फार असेल तर महिनाभर, पुढे सहा ते बारा महिने दोन, आणि नंतर एकच, एएफसाठीची.

शेवटचा ‘एकच’ हा शब्द बऱ्याच रुग्णांच्या आणि काही डॉक्टरांच्याही गळी उतरत नाही. ‘‘स्टेंट आहे ना, मग ॲस्पिरिन जन्मभर,’’ हे पाठ झालेलं असतं. जपानमध्ये स्थिर करोनरी विकार आणि एएफ अशा २,२३६ रुग्णांवर ‘अफायर’ चाचणी झाली. रिव्हारोक्साबॅन एकटं, की त्याच्या जोडीला प्लेटलेटविरोधी गोळी? जोडीच्या गटात मृत्यू जास्त होताहेत असं दिसून चाचणी २०१८ साली मुदतीआधी थांबवली गेली. निकाल पुढच्या वर्षी आले: एकट्या गोळीवर रक्तस्राव कमी झालाच, हृदय आणि मेंदूच्या घटनाही वाढल्या नाहीत. दक्षिण कोरियातल्या २०२४च्या चाचणीत त्याच गटातलं एडोक्साबॅन एकटं देऊन तसंच दिसलं.

टीकाकार म्हणत राहिले की हे सगळे तुलनेनं कमी जोखमीचे रुग्ण. ज्यांच्या धमन्यांत खूप आजार आहे, जुने-नवे स्टेंट आहेत, त्यांचं काय? फ्रान्समधल्या ५१ केंद्रांनी नेमके असेच ८७२ रुग्ण निवडले. स्टेंट बसून सहा महिन्यांहून जास्त झालेले, पुन्हा अटॅक येण्याचा धोका मोठा, आणि एएफसारख्या कारणासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू. निम्म्यांना सोबत ॲस्पिरिन, निम्म्यांना नकली गोळी. २०२५ साली निकाल आला तेव्हा ॲस्पिरिन गटातले १३.४ टक्के दगावले होते, दुसऱ्या गटातले ८.४ टक्के, मोठा रक्तस्राव १०.२ टक्के आणि ३.४ टक्के. ही चाचणीही मध्येच थांबवावी लागली होती.

आता हे सगळं एका साध्या कागदावर येऊन ठेपतं: रुग्णालयातून सुटताना मिळणारं डिस्चार्ज कार्ड. स्टेंट एका डॉक्टरांनी बसवलेला, एएफची गोळी दुसऱ्यांनी सुरू केलेली, रक्तदाब-साखर गावातले फॅमिली डॉक्टर पाहतात. कार्डावर औषधांची नावं असतात, सकाळ-संध्याकाळ असतं, ‘जेवणानंतर’ असतं. क्लोपिडोग्रेल कोणत्या महिन्यापर्यंत आणि ती थांबवायचं कोणी सांगायचं, ही ओळ बहुतेक कार्डांवर नसते. वर्ष उलटून गेलं तरी केमिस्ट जुन्याच चिठ्ठीवर तीच स्ट्रिप देत राहतो, आणि घरातली कुणी सून किंवा मुलगा एखाद दिवशी सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरून फॅमिली डॉक्टरांना विचारतो, ‘‘यातली नेमकी कोणती बंद करायची होती?’’ पुढची प्रकरणं त्या टेबलापाशी बसणाऱ्या माणसांसाठी लिहिली आहेत. ती वाचून गोळी स्वतःहून बंद करू नये. तारीख मात्र जरूर विचारावी आणि ती कार्डावर लिहून घ्यावी.